उडगेरू नूनक्कल : आपल्याच बेटावर परत आलेल्या बाई



'माझे गाव' हा निबंध आपण सगळेच दरवर्षी लिहून घेतो. माझ्या गावाचे नाव अमुक अमुक, गावात मारुतीचे देऊळ आहे, गावाशेजारून नदी वाहते, मला माझे गाव खूप आवडते. दहा ओळी झाल्या, वह्या तपासल्या की आपण मोकळे. यावर्षी मात्र चौथीतल्या एका मुलाने मला अडवले. जन्म झाला ते गाव लिहायचे, आता राहतो ते लिहायचे, की आजोबा ज्याला आपले गाव म्हणतात पण जे त्याने कधी पाहिलेलेच नाही ते लिहायचे, असे त्याने विचारले. मी काहीतरी उत्तर दिले आणि पुढच्या बाकाकडे वळले. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. एखादे गाव 'माझे' होते ते कशामुळे? जन्मामुळे, सातबाऱ्यावरच्या नावामुळे, की आणखी कशामुळे?

हा प्रश्न ज्यांना आयुष्यभर पुरला अशा एका बाईंची ओळख आज करून देते. त्या ऑस्ट्रेलियातल्या. कवयित्री म्हणून त्यांचे नाव तिकडे सगळ्यांना माहीत आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात त्या नाहीत, पण आपल्यासारख्या मुलांना शिकवणाऱ्या माणसांनी त्यांची गोष्ट जरूर वाचावी अशी आहे. त्यांचे नाव उडगेरू नूनक्कल. आयुष्याचा मोठा काळ त्या कॅथ वॉकर या नावाने ओळखल्या गेल्या. नाव का बदलले ते पुढे येईलच.

बेट आणि त्याची दोन नावे

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ब्रिस्बेन शहर आहे. त्याच्यासमोर समुद्रात एक मोठे बेट आहे, सगळे वाळूचे. जगातल्या सर्वांत मोठ्या वाळूच्या बेटांत त्याचा दुसरा क्रमांक लागतो. तिथल्या मूळ रहिवाशांनी या बेटाला मिन्जेरिबा म्हटले. नकाशावर मात्र नाव छापले जाते नॉर्थ स्ट्रॅडब्रोक. हे नाव १८२७ साली पडले, तेही तिथे आलेल्या एका इंग्रज कप्तानाच्या घराण्याच्या पदवीवरून. म्हणजे बघा, ज्या घराण्याचे नाव बेटाला मिळाले ते घराणे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, आणि बेटावर राहणाऱ्यांना कुणी विचारलेसुद्धा नाही.

या बेटावर माणूस किमान २० हजार वर्षांपासून राहतो, असे उत्खननातून दिसले आहे. किनाऱ्यावर शिंपल्यांचे जुने ढीग आहेत. पिढ्यान् पिढ्या लोकांनी एकाच जागी बसून खाल्ले, टरफले तिथेच टाकली आणि त्यांचे ढीग झाले. इंग्रजांनी मात्र सगळ्या ऑस्ट्रेलियाला कुणाचीच नसलेली जमीन मानले. लोक राहत होते, पण कागद नव्हता. आणि कागद नाही म्हणजे मालक नाही, असा तो हिशेब होता.

बालपण

उडगेरू यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२० चा. पाळण्यातले नाव कॅथलीन रस्का. सात भावंडांतली ही मुलगी, घरात कॅथ. वडील टेड रस्का हे बेटावरच्या नूनक्कल लोकांपैकी. बेटावर वृद्ध आणि निराधार लोकांसाठी सरकारी आश्रम होता, तिथे ते मजुरी करत. आदिवासी मजुरांना गोऱ्या मजुरांइतका पगार मिळत नसे. ही मजुरी वाढावी म्हणून बेटावरचे मजूर कित्येक वर्षे झगडत होते, आणि टेड रस्का त्यात पुढे असत. समान पगार मिळायला १९४४ साल उजाडले.

घरी पैसा नव्हता, पण समुद्र होता. मासे, खेकडे, कालवे कशी पकडायची हे वडिलांनी मुलांना शिकवले. त्यांचा एक नियम होता : जेवढे खायचे तेवढेच मारायचे, गंमत म्हणून जीव घ्यायचा नाही. एकदा मुलांनी नियम मोडून एका पक्ष्याला दगड मारला, तेव्हा वडिलांनी सगळ्यांचीच शिकार बंद करून टाकली. मोठेपणी उडगेरू यांनी ही आठवण मुलांसाठी लिहून ठेवली. घरात एक लांबलचक अजगरही राहायचा. तो त्यांच्या कुळाचा रक्षक मानला जाई, म्हणून वडील त्याला हात लावू देत नसत. आपल्याकडे देवक असते ना, त्याच्या जवळपासची ही कल्पना. देवक मानणाऱ्या घरातल्या मुलांना हा अजगर लगेच कळेल.

शाळा मात्र वेगळी होती. कॅथ डावखुरी. डाव्या हाताने लिहिले की बोटांवर फटका बसायचा. गोऱ्यांचा इतिहास शिकवला जायचा, बेटाचा नाही. घरी एक शाळा आणि शाळेत दुसरीच शाळा, असे ते चालले होते. आपल्या वर्गातली किती मुले घरची बोली दाराबाहेर ठेवून आत येतात, हे आठवले की त्या डाव्या हाताचे दुःख मला जवळचे वाटते.

बेट सुटले

तेराव्या वर्षी शिक्षण संपले. आदिवासी मुलीने पुढे शिकून काय करायचे, असाच तो काळ. कॅथ ब्रिस्बेनला गोऱ्या कुटुंबांत घरकामाला गेली. आठवड्याला अडीच शिलिंग पगार. नर्स व्हायची तिची इच्छा होती, पण आदिवासी म्हणून तिला प्रशिक्षणाला घेतले नाही.

दुसऱ्या महायुद्धात तिचे दोन भाऊ सैन्यात होते. १९४२ साली सिंगापूर पडले तेव्हा दोघेही जपान्यांचे कैदी झाले. त्याच वर्षी कॅथ स्त्रियांच्या लष्करी दलात भरती झाली. टेलिफोनच्या स्विचबोर्डवर काम मिळाले, पुढे कॉर्पोरलची पट्टीही मिळाली. गणवेशात तिला प्रथमच बरोबरीची वागणूक अनुभवायला मिळाली. ज्या देशासाठी तिचे भाऊ कैदेत गेले, त्या देशात घरी परतल्यावर मात्र जुनेच नियम होते.

बालमित्र ब्रूस वॉकर यांच्याशी लग्न झाले आणि ती कॅथ वॉकर झाली. संसार फार काळ टिकला नाही. डेनिस आणि व्हिव्हियन या दोन मुलांना त्यांनी कष्ट करून वाढवले.

कविता आणि चळवळ

घरकाम, टायपिंग, मुलांची आजारपणे, आणि या सगळ्यात कविता. १९६४ साली त्यांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी व्यक्तीचा छापलेला तो पहिला काव्यसंग्रह. ज्युडिथ राइट या नामवंत गोऱ्या कवयित्रीने हस्तलिखित वाचून प्रकाशकाकडे शिफारस केली होती. काही समीक्षकांनी ही कविता नव्हेच, हा प्रचार आहे, असे म्हणून नाक मुरडले. वाचकांनी मात्र पुस्तक उचलून धरले, एकामागून एक आवृत्त्या निघाल्या. गावातल्या लोकांनाच गावात परक्यासारखे उभे राहावे लागते, हे त्या कवितांमधले दुःख. साधे शब्द, मोठ्याने वाचता येतील अशा ओळी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकून कळावे, ही त्यांची धडपड होती.

त्याच काळात त्या आदिवासी हक्कांच्या चळवळीत होत्या. क्वीन्सलँड राज्याच्या सचिव म्हणून गावोगाव फिरल्या, सभा घेतल्या. १९६३ साली एक शिष्टमंडळ पंतप्रधान रॉबर्ट मेंझिस यांना भेटायला गेले, त्यात कॅथ वॉकर होत्या. बोलणी झाल्यावर पंतप्रधानांनी पाहुणचार म्हणून त्यांना मद्याचा पेला देऊ केला. तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की क्वीन्सलँडमध्ये आदिवासीला दारू दिली तर देणाऱ्याला तुरुंगात टाकतात. पंतप्रधान चकित झाले. देश चालवणाऱ्या माणसाला आपल्याच देशातला कायदा माहीत नव्हता, आणि या बाई मात्र त्या कायद्याखाली लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या.

२७ मे १९६७ ला देशभर सार्वमत झाले. राज्यघटनेतली आदिवासींना वगळणारी कलमे बदलायला नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला. तोपर्यंत देशाच्या लोकसंख्येची आकडेवारी मांडताना आदिवासींना धरतच नसत. विचार करा, २० हजार वर्षांची वस्ती, आणि मोजणीत शून्य! या विजयामागे अनेकांचे श्रम होते, कॅथ वॉकर त्यांतल्या एक. १९७० साली त्यांना ब्रिटिश राजघराण्याच्या नावाने दिला जाणारा एमबीई हा सन्मान मिळाला.

पण मत मिळाले म्हणजे जमीन मिळाली असे नाही. चळवळीतही मतभेद झाले : आदिवासींच्या संघटनेत निर्णय कोणी घ्यायचे, आदिवासींनी की त्यांच्या गोऱ्या हितचिंतकांनी? सततच्या प्रवासाने तब्येत खालावली होती. आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी ठरवले, घरी जायचे.

परत येणे

१९७१ साली त्या मिन्जेरिबावर परतल्या. हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे असे मला वाटते, पण बऱ्याच ठिकाणी तो दोन ओळींत उरकलेला असतो.

परत येणे सोपे नव्हते. बेटावरच्या वाळूत खनिजे होती, आणि कंपन्यांनी ती काढायला खाणी सुरू केल्या होत्या. लहानपणी जिथे अन्न वेचले त्या बेटाचे भाग यंत्रांखाली जात होते. आणि राहायचे कुठे? पूर्वजांच्या बेटावर त्यांच्या नावावर एक गुंठाही नव्हता. ज्या सरकारने ही जमीन कधी विकत घेतली नव्हती, त्याच सरकारकडे त्यांना जागेसाठी अर्ज करावा लागला. मालकी मिळाली नाही. थोडी जागा नाममात्र भाड्याने मिळाली. स्वतःच्याच घरात भाडेकरू, याहून वेगळे काय म्हणायचे?

इथे कोणीही कडवट झाला असता. उडगेरू रागावलेल्या होत्याच, त्यांचा राग शेवटपर्यंत गेला नाही आणि त्यांनी तो लपवलाही नाही. पण त्या भाड्याच्या जागेचे त्यांनी काय केले ते बघा. जागेला त्यांनी मूनगल्बा हे नाव दिले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ बसायची जागा. स्वतः एका कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांच्या छोट्या घरात राहिल्या आणि मुलांना बोलावू लागल्या.

मुले आली. शहरातल्या शाळांमधून, शिक्षकांबरोबर, पालकांबरोबर. आदिवासी मुले आली, गोरी मुले आली, बाहेरच्या देशांतून आलेल्या कुटुंबांची मुले आली. वर्षांमागून वर्षे हजारो मुले त्या जागेवर राहून गेली. भिंती नाहीत, फळा नाही, घंटा नाही. झाडे ओळखायची, किनाऱ्यावर अन्न शोधायचे, पुरेल तेवढेच घ्यायचे, संध्याकाळी शेकोटीभोवती बसून गोष्टी ऐकायच्या. वडिलांनी जे घरी शिकवले होते आणि शाळेने जे पुसायचा प्रयत्न केला होता, तेच आता अभ्यासक्रम झाले. १९७२ साली त्यांनी मुलांसाठी पुस्तक लिहिले : अर्ध्या भागात बेटावरच्या बालपणाच्या आठवणी, अर्ध्या भागात जुन्या परंपरेतल्या आणि त्याच धाटणीच्या स्वतः रचलेल्या गोष्टी.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावते ते गोऱ्या मुलांना बोलावणे. ही मुले काही जहाजातून उतरलेली नव्हती. त्यांचा जन्म तिथलाच, आईवडिलांचाही तिथलाच. त्यांना दुसरे गाव नाही. पण त्यांच्या पायाखालची जमीन कुणाकडून तरी हिसकावलेली आहे. मग ती मुले कुठली? उडगेरू यांनी त्यांना परत जा असे म्हटले नाही. आणि जे झाले ते झाले, विसरून जाऊ, असेही म्हटले नाही. त्यांनी मुलांना खाली बसवले आणि ही जागा कोणाची, इथे काय घडले, हे आधी सांगितले. मग या जागेशी कसे वागायचे ते शिकवले. जमीन माझी म्हणण्याआधी मी जमिनीचा कोण, हे शोधायला लावले. माझ्या समजुतीप्रमाणे मूनगल्बाचा सगळा धडा एवढाच होता.

त्या बेटावरच बसून राहिल्या असेही नाही. देशोदेशी व्याख्यानांना गेल्या. १९७४ साली नायजेरियाहून परतताना त्यांचे विमान अपहरणकर्त्यांच्या हाती सापडले. त्या जीवघेण्या दिवसांत त्यांनी विमानात उलटीसाठी ठेवलेल्या कागदी पिशवीवर कविता लिहिल्या. सुटका झाली, आणि त्या पुन्हा आपल्या कॅरव्हॅनमध्ये, आपल्या मुलांमध्ये आल्या.

नाव परत घेणे

१९८८ साली ऑस्ट्रेलियात मोठा उत्सव होणार होता. २६ जानेवारी १७८८ ला इंग्रजांनी सिडनीत पहिली वसाहत केली, त्याला २०० वर्षे होत होती. गोऱ्यांसाठी तो देशाचा वाढदिवस. आदिवासींसाठी तो जमीन जाण्याचा पहिला दिवस. या उत्सवाचा निषेध म्हणून १९८७ साली त्यांनी आपला एमबीई परत केला. आणि इंग्रजी नावही सोडले. नूनक्कल हे लोकांचे नाव, आणि उडगेरू म्हणजे पेपरबार्क नावाचे झाड. त्याची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते, अगदी कागदासारखी. आपल्याला लगेच भूर्जपत्र आठवेल. लिहिणाऱ्या बाईने स्वतःला कागदाच्या झाडाचे नाव घेतले.

बेटाचे नाव १८२७ साली कुणी परक्याने बदलले होते. १६० वर्षांनी त्याच बेटावरच्या एका बाईने निदान स्वतःचे नाव तरी परत घेतले.

एक गोष्ट मात्र मुलांना सांगताना सोडू नका. सन्मान परत करणाऱ्या याच उडगेरू यांनी १९८८ च्या ब्रिस्बेन प्रदर्शनासाठी, मुलगा व्हिव्हियनबरोबर, सृष्टी घडवणाऱ्या इंद्रधनुषी सर्पाची आपली जुनी गोष्ट लिहून दिली. बहिष्कार उत्सवावर होता, ऐकायला आलेल्या लोकांवर नव्हता.

१९९१ साली व्हिव्हियन वारला. १६ सप्टेंबर १९९३ ला उडगेरू गेल्या. त्यांना मूनगल्बातच, मुलाशेजारी, मातीत ठेवले. सरकारने जी जागा भाड्याने दिली होती, तिच्यातच त्या कायमच्या विसावल्या.

कागद नंतर आला

त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, ३ जून १९९२ ला, ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात निकाल दिला की ही भूमी कुणाचीच नव्हती हे मानणे चूक होते, मूळ रहिवाशांचे हक्क आधीपासून होते. मिन्जेरिबाच्या लोकांना आपल्या बेटावरचे हक्क न्यायालयाकडून मान्य करून घ्यायला मात्र ४ जुलै २०११ पर्यंत थांबावे लागले. बेटावरच्या वाळूच्या खाणी २०१९ च्या अखेरीस बंद झाल्या. यातले बरेचसे बघायला उडगेरू नव्हत्या.

कागदाला किंमत नाही असे मी म्हणणार नाही. ज्याचे घर धरणात किंवा रस्त्यात गेले आहे त्याला विचारा, सातबारा म्हणजे काय ते तो सांगेल. उडगेरू आणि त्यांच्या लोकांनीही त्या कागदासाठी आयुष्यभर झगडा दिला. पण कागदाची वाट बघत त्या हात बांधून बसल्या नाहीत. नाते आधी जगल्या, नोंद मागून झाली.

वर्गात काय करता येईल?

'माझे गाव' लिहून घेण्याआधी यावर्षी मी मुलांना चार प्रश्न घरी विचारून यायला सांगितले. तुम्हीही करून बघा.

१. आपल्या गावाचे, वस्तीचे किंवा शेताचे जुने नाव काय? ते कुणी ठेवले, कधी बदलले?
२. आपल्या आधी इथे कोण राहत होते? ते आता कुठे आहेत?
३. इथले एक झाड, एक पक्षी आणि एक खाण्याची रानभाजी कोणती? ती घरात कोणाला ओळखता येते?
४. या गावाने मला काय दिले, आणि मी गावासाठी कोणते एक काम नेमाने करू शकतो?

पालकांना एक विनंती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काही घरांत अवघड जाईल. कुणाची जमीन गेलेली असेल, कुणी दुसऱ्याच्या गेलेल्या जमिनीवर राहत असेल. मुलांपुढे तो विषय टाळू नका. जेवढे माहीत आहे तेवढे खरे सांगा. मुलांना खरे पेलते.

आणि तो चौथीतला मुलगा? त्याने शेवटी आता राहतो त्याच वस्तीवर निबंध लिहिला. घर भाड्याचे आहे, हे पहिल्याच ओळीत लिहिले. पुढे दारातल्या कडुलिंबाबद्दल सहा ओळी होत्या. त्याला रोज पाणी तोच घालतो म्हणे. मी त्याला पूर्ण गुण दिले.